हेल्मेट डोक्यावर टिकायचे, तर ते आधी सोयीचे हवे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

हेल्मेटविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते, त्यातील बराचसा भाग ते घालावे की नाही आणि त्याची सक्ती असावी की नसावी, या वादात खर्ची पडतो. ज्याने हेल्मेट घालायचे मनोमन ठरवले आहे, त्याने दुकानातील फडताळासमोर उभे राहिल्यावर नेमके कोणते उचलावे, याविषयी मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. गेली पंचवीस वर्षे मी मोटारसायकल चालवत आहे. या काळात वापरलेल्या पाच हेल्मेटांपैकी पहिली तीन मी चुकीची निवडली होती, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

माझे पहिले हेल्मेट मला आवडले ते पटकन डोक्यात गेले म्हणून. प्रत्यक्षात ते एका मापाने मोठे होते. वेग वाढला की ते वर उचलले जाई आणि मान वळवून मागे पाहताना चेहरा वळे, पण हेल्मेट जागचे हलत नसे. दुसरे हेल्मेट मापाने बरोबर असूनही अर्ध्या तासात कपाळ ठणकू लागे, त्यामुळे जवळच्या कामाला निघताना ते घरीच राहू लागले. तिसरे घालून लांबचा प्रवास केला की रात्री अंथरुणावर पडल्यावरही कानात बारीक शिट्टी वाजत राही. मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी हेल्मेटमुळे कमी होतो, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २००८ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन काढला होता. परंतु हा लाभ डोक्यावर असलेल्या आणि अपघाताच्या क्षणी डोक्यावरच राहिलेल्या हेल्मेटचा आहे. टोचणारे हेल्मेट आरशाला लटकते आणि सैल हेल्मेट धक्क्याने निघून जाते. म्हणून सोय हा सुरक्षिततेचाच भाग आहे, असे मी आग्रहाने म्हणतो.

निवडीची सुरुवात डोक्याच्या मापापासून व्हायला हवी. शिंप्याकडची कापडी टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागाभोवती फिरवून घेर मोजावा आणि तो त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. एका कंपनीचे मध्यम माप दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या मापाइतके असू शकते, त्यामुळे जुन्या हेल्मेटवरची अक्षरे पाहून नवे मागवणे धोक्याचे आहे. मात्र घेर जुळला म्हणजे काम झाले असे नाही. दोन माणसांच्या डोक्यांचा घेर तंतोतंत सारखा असला, तरी वरून पाहिल्यास एकाचे डोके गोलसर आणि दुसऱ्याचे पुढून मागे लांबट असू शकते. लांबट डोक्यावर गोल आतल्या आकाराचे हेल्मेट चढवले, तर कपाळ आणि मागचा भाग दाबला जातो व दोन्ही बाजूंना पोकळी राहते. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट आले, तर कानशिले आवळली जातात. माझ्या दुसऱ्या हेल्मेटचे दुखणे हेच होते. मी त्यावर उपाय म्हणून मोठे माप घेण्याचा विचार करत होतो, पण त्याने कपाळाचा दाब कमी होऊन बाकी सगळीकडे ते सैल झाले असते. तेथे माप बदलण्याचा उपयोग नसतो, आकार बदलावा लागतो, आणि त्यासाठी बहुधा कंपनी किंवा मॉडेलच बदलावे लागते.

दुकानात हेल्मेट अर्ध्या मिनिटासाठी घालून पाहण्यात फारसा अर्थ नाही. ते घालून, पट्टा बांधून किमान पंधरा-वीस मिनिटे तसेच बसावे किंवा फिरावे. एखाद्या बिंदूवर दाब येत असेल, तर तो पहिल्या दोन मिनिटांत जाणवत नाही. दहाव्या मिनिटानंतर तो स्वतःहून बोलू लागतो. काढल्यावर आरशात पाहावे. कपाळावर एकाच जागी लालबुंद वळ उमटला असेल, तर ते हेल्मेट आपले नव्हे. गालांवर मात्र दाब यायलाच हवा, इतका की बोलताना गालाचा आतला भाग किंचित दाताखाली यावा. नव्या हेल्मेटच्या गाद्या वापराने काही आठवड्यांत दबतात, त्यामुळे पहिल्या दिवशी अगदी ऐसपैस वाटलेले हेल्मेट पुढे ढिले होणार हे ठरलेलेच आहे. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवले, तर गालांची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. मग हनुवटीखालचा पट्टा आवळून, मागच्या कडेखाली बोटे घालून ते पुढच्या बाजूला उलटवण्याचा प्रयत्न करावा. ते निघून आले, तर त्याची किंमत, रंग आणि नाव यांपैकी कशाचाही विचार करू नये. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासकट ही सगळी परीक्षा घ्यावी, कारण काड्यांसाठी गादीत जागा नसेल तर कानामागचे दुखणे रोजचेच होते.

आता आवाजाविषयी, कारण या बाबतीत गैरसमज सर्वांत जास्त आहेत. पुष्कळांना वाटते की हेल्मेटमधील गोंगाट इंजिनाचा किंवा रहदारीचा असतो. शहरातील संथ वेगात ते काही प्रमाणात खरेही आहे. परंतु ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे गेल्यावर हेल्मेटभोवती घुसळणाऱ्या वाऱ्याचा आवाज बाकी सगळ्यांवर मात करतो आणि वेगापेक्षाही झपाट्याने वाढत जातो. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास तो हेल्मेटच्या आत ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी अमेरिकेतील नायोश ही सरकारी संशोधन संस्था जी मर्यादा सुचवते, ती ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. महामार्गावर दोन तास चालवणाऱ्याने या हिशेबाकडे एकदा शांतपणे पाहावे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. माझ्या डाव्या कानातील बारीक शिट्टी आता कायमची झाली आहे, म्हणून हे मी पोटतिडकीने लिहितो आहे.

हा आवाज आत येतो तो प्रामुख्याने खालून, मान आणि हनुवटीजवळच्या फटीतून. त्यात खर्जाचा भाग मोठा असतो आणि असा आवाज पातळ स्पंजाने अडत नाही. म्हणून आत जाड गादी आहे एवढ्यावरून हेल्मेट शांत असेल असे समजू नये. पाहायचे ते असे: मानेभोवतीची कड गळ्याला नीट लागते का, हनुवटीखाली वारा अडवणारा पडदा आहे का, काच बंद केल्यावर तिच्या भोवतालचे रबर सगळीकडून घट्ट बसते का, आणि कवचाच्या बाहेर वाऱ्यात अडणारे उंचवटे, झडपा, शोभेचे पंख किती आहेत. बारीक शिट्टी बहुधा काचेच्या कडेतून किंवा हवेच्या झडपेतून येते. झडप बोटाने झाकून पाहिली की चोर सापडतो. हनुवटीचा भाग वर उचलता येणारी फ्लिप-अप हेल्मेटे सोयीची असतात, पण त्यांच्या सांध्यांमुळे ती सर्वसाधारणपणे अधिक आवाज करतात. चेहरा उघडा ठेवणाऱ्या हेल्मेटकडून तर शांततेची अपेक्षाच करू नये.

येथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मोटारसायकलच्या पुढच्या काचेच्या वरच्या कडेवरून निसटलेला फाटका वारा थेट हेल्मेटवर आदळत असेल, तर महागातले महाग हेल्मेटही घोंघावते. चालवताना सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर किंचित उंच किंवा खाली बसून पाहावे; आवाज एकदम बदलला, तर दोष पुढच्या काचेच्या उंचीचा आहे. त्यामुळेच मित्राच्या गाडीवर शांत असलेले हेल्मेट आपल्या गाडीवर तसेच राहील याची खात्री देता येत नाही, आणि जाहिरातीतील डेसिबलचा आकडा कोणत्या वेगाला, कोणत्या बसण्याच्या ढबीत आणि काचेमागे की उघड्या वाऱ्यात मोजला, हे सांगितल्याशिवाय तो निरुपयोगी ठरतो.

खरी शांतता हवी असेल, तर हेल्मेटच्या जोडीला कानात घालायचे इअरप्लग वापरावे लागतात. अत्यंत महागड्या हेल्मेटने मिळणारा फरकही मऊ फोमच्या, नीट बसवलेल्या साध्या बोळ्यांपुढे थोडाच ठरतो. त्यांमुळे हॉर्न किंवा रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येणार नाही, ही भीती मलाही होती. प्रत्यक्षात बोळा वाऱ्याचा आवाज आणि भोंगा दोन्ही खाली आणतो, त्यामुळे भोंगा वाऱ्याहून जितका वेगळा ऐकू येत होता तितकाच राहतो. शिवाय मोठ्या आवाजाने बधिर झालेल्या कानाला तो अधिक स्पष्टही वाटू शकतो. खुद्द हेल्मेटमुळे रहदारीचे आवाज ऐकू येत नाहीत, हा आक्षेपही जुना आहे. अमेरिकेतील संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिस परिसरातील नऊशे मोटारसायकल अपघातांची घटनास्थळी तपासणी करून १९८१ मध्ये जो अहवाल दिला, त्यात या आक्षेपाला आधार मिळाला नाही. बोळे घालून वाहन चालवण्यास काही ठिकाणी कायद्याची आडकाठी असते, तेवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

वजनाविषयी थोडेच सांगतो. पूर्ण चेहरा झाकणारी हेल्मेटे साधारण १२०० ते १७०० ग्रॅमच्या दरम्यान असतात आणि लांबच्या प्रवासात शे-दोनशे ग्रॅमचा फरक मानेला कळतो. तरीही हलके पण वाऱ्यात डुगडुगणारे हेल्मेट जरा जड पण स्थिर हेल्मेटपेक्षा जास्त थकवते. हवेच्या झडपा आणि शांतता यांचे वैर आहे. उष्ण हवेत चालवणाऱ्याने थोडा आवाज पत्करावा, पण झडपा हातमोजे घालून उघड-बंद होतात का ते पाहावे.

शेवटी पैशाचा प्रश्न. वाहन चालवतो त्या देशाच्या कायद्याने मान्य केलेले प्रमाणचिन्ह नसलेले हेल्मेट कितीही स्वस्त मिळाले तरी ते महागच पडते, यावर दुमत नसावे. पण त्या रेषेच्या वर गेल्यावर जास्त पैसे म्हणजे जास्त सुरक्षितता असे समीकरण नाही. ब्रिटिश सरकारने २००७ मध्ये सुरू केलेल्या शार्प या उपक्रमात हेल्मेटांना एक ते पाच तारे दिले जातात, आणि तेथे माफक किमतीच्या हेल्मेटांनी पाच तारे मिळवल्याची व महागड्यांनी कमी तारे मिळवल्याची उदाहरणे आहेत. युरोपातील ईसीई २२.०६ या नव्या मानकात तिरक्या आघाताची चाचणीही आहे, त्यामुळे त्याचे लेबल असलेले हेल्मेट मिळाले तर ते जुन्या मानकाच्या हेल्मेटपेक्षा मी पसंत करीन. अधिक पैसे बहुतेक वेळा जातात ते हलक्या कवचात, चांगल्या अस्तरात, धुके न धरणाऱ्या काचेत आणि रंगकामात. यांतील पहिल्या तिन्हींसाठी पैसे मोजणे मला रास्त वाटते. अस्तर धुण्यासाठी सुटे होते का, गालाच्या गाद्या वेगवेगळ्या जाडीत मिळतात का आणि दोन वर्षांनी ओरखडे पडलेल्या काचेऐवजी त्याच मॉडेलची नवी काच मिळेल का, हे प्रश्न विकत घेण्याआधीच विचारावेत. सुटी काच मिळत नाही म्हणून माझे एक चांगले हेल्मेट वेळेआधी निकामी झाले.

जुने हेल्मेट विकत घेण्याचा मोह मात्र टाळावा. आतील थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पूर्ववत होत नाही आणि ते दबणे बाहेरून दिसेलच असे नाही. सुमारे पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे, असा हेल्मेटांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील स्नेल फाउंडेशनचा सल्ला आहे. त्यामुळे किंमत पाच वर्षांवर वाटून पाहिली, की दुकानात भारी वाटलेला फरक महिन्याकाठी किती किरकोळ आहे ते लक्षात येते.

आपल्याला माझी विनंती अशी आहे की, आपल्या वृत्तपत्रात हेल्मेटांचा परिचय छापताना रंग आणि किमतीबरोबर आतला आकार गोल की लांबट, प्रत्यक्ष तराजूवर केलेले वजन, कोणत्या गाडीवर व कोणत्या वेगाला आवाज कसा जाणवला आणि सुटे भाग मिळतात की नाही, एवढी माहिती अवश्य द्यावी. आणि विक्रेत्यांनी ग्राहकाला हेल्मेट घालून वीस मिनिटे बसता येईल अशी एक खुर्ची व एक आरसा दुकानात ठेवावा, ही माझी मागणी आपल्या स्तंभातून त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला नम्र,
एक मोटारसायकलस्वार वाचक