सीडींच्या संग्रहाला रागाचा रकाना हवा

संपादक महोदय,

शास्त्रीय संगीताच्या माझ्या सगळ्या सीडी आता घरच्या म्युझिक सर्व्हरवर, म्हणजे गाणी साठवून वाजवणाऱ्या संगणकावर आहेत. फ्लॅक या फाइलच्या स्वरूपात आवाजाची काटछाट होत नाही. एका सीडीला साधारण ३००-४०० एमबी, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर दोन हजारांहून अधिक सीडी मावतात. घोडं अडतं नावांपाशी. सॉफ्टवेअर नेटवरून माहिती ओढतं, त्यात राग-ताल बहुधा नसतातच! आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व स्पेलिंग बदललं की यंत्राच्या लेखी निराळे गायक होतात. राग मी 'प्रकार'च्या रकान्यात हाताने भरतो. जुनी ध्वनिमुद्रणं विकणाऱ्या कंपन्यांनी राग, ताल, साथीदार हे फाइलसोबतच द्यावेत. तबलजींचं नाव तर हमखास गाळलं जातं.

– एक निवृत्त शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव