सभासदांना सूचना : रेंजविरुद्धची तक्रार

सर्व नेमबाजांना नमस्कार. आपल्या शूटिंग रेंजच्या मागे झालेल्या नव्या सोसायटीने गोळीबाराच्या आवाजाबद्दल तक्रार अर्ज दिला आहे. रेंज झाली तेव्हा तिथे नुसता ऊस होता, हे अख्ख्या साताऱ्याला ठाऊक. पण फ्लॅट विकताना ते कोण सांगतंय! तेव्हा गेटवर हुज्जत नको.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. ‘आम्ही आधीचे’ एवढ्यावर भागणार नाही. रविवारी त्यांच्याच गच्चीवर मीटर लावून मोजणी करू. तोवर पॉइंट टू-टू (.२२ बोअरची काडतुसाची बंदूक) दुपारी ४ नंतरच. १० मीटर एअर रायफल नेहमीप्रमाणे. गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाला पावसाने घळ पडली आहे, शनिवारी फावडी आणा. रेंज आधीची हे दाखवायला तिचे जुने परवाने, लाइट बिलं घरात सापडली तर झेरॉक्स द्या. पिवळी पडलेली पावतीही चालेल.

– सचिव