गालापागोसला जाण्याआधी मिशी बघा

संपादक महोदय,

विहिरीत सूर मारणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला पाण्याचं भ्या नसतं. स्नॉर्केलिंगला, म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघायला, तोच फसतो. गालापागोस ही इक्वेडोर देशाची ज्वालामुखीची बेटं विषुववृत्तावर, तरी हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे जून ते नोव्हेंबर पाणी गार. वेटसूट, म्हणजे अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख, घ्याच. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकानं श्वास ओढा. चिकटून राहिला तर माप बरोबर. जाड मिशीतून मात्र पाणी झिरपतंच. नाकाखालची पट्टी भादरा, नाहीतर व्हॅसलिन लावा. पाणी शिरलंच तर मास्कची वरची कड दाबून, मान वर करून नाकानं फुंका.

ताडोबात जिप्सीतून उतरता येत नाही. गालापागोसला मात्र इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, पायवाटेतच पसरलेले. दोन मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. बहुतेक परदेशी प्रौढांना ऑगस्ट 2024 पासून प्रवेशशुल्क 200 डॉलर. रोख जवळ ठेवा.

– एक वाचक, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर