नेडशॉट यांची अर्धीच गोष्ट

व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत संघ उतरवणाऱ्या ‘हंड्रेड थीव्ह्ज’ या अमेरिकी संस्थेचे संस्थापक मॅथ्यू हेग ऊर्फ नेडशॉट यांच्यावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ‘गेम खेळून कोट्यधीश’ हा त्याचा सूर मात्र पटला नाही. हेग यांच्या संघाने २०११ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या गेमच्या स्पर्धेत ४ लाख डॉलर जिंकले, पण ते बक्षीस चौघांच्या संघाचे होते. २०१५ मध्ये, अवघ्या २२व्या वर्षी, ते स्पर्धांपासून बाजूलाही झाले.

त्यांचे खरे कर्तृत्व त्यानंतरचे आहे. २०१७ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेत त्यांनी कपड्यांना संघाइतकेच महत्त्व दिले. पुरस्कर्त्यांच्या चिन्हांनी भरलेल्या जर्सीवरच न थांबता, गेम न खेळणाऱ्यालाही घालावेसे वाटतील असे हुडी आणि टी-शर्ट मोजक्या संख्येने, ठरावीक दिवशी ऑनलाइन विकायला काढले. ही अस्सल दुकानदारी आहे आणि ती शिकावी लागते. २०२१ मध्ये संस्थेच्या संघाने उत्तर अमेरिकेतील ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या गेमच्या स्पर्धेचे विजेतेपदही पटकावले, तरीही २०२३ मध्ये तिला नोकरकपात करावी लागली. लेखात याचा शब्दही नाही.

माझ्या अकरावीतल्या मुलाने तो लेख कापून भिंतीवर लावला आहे. म्हणूनच या व्यवसायातील डिझायनर, माल पाठवणारे आणि हिशेब सांभाळणारे यांच्या कामाविषयीही आपण लिहावे, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, ठाणे