मोरसला गेलेला धोंडू

ठाणे,
12 जून

प्रिय दत्या,

परवा फोनवर म्हणालास, "मॉरिशस म्हणजे मजा केली असशील." केली की. पोरं समुद्रात यथेच्छ डुंबली, हिने चारशे फोटो काढले. पण तेवढ्यासाठी कागद घेऊन बसलो नसतो. तुझ्याकडे एक काम आहे, ते शेवटी सांगतो.

आमची आजी साखरेला 'मोरस' म्हणायची, आठवतं? तू आलास की आईला सांगायची, "दत्याच्या चायत मोरस जास्त घाल गो." तीच आजी सासूकडून ऐकलेलं सांगायची, की खापरपणजोबांचा थोरला भाऊ धोंडू भावबंदकीत भांडला आणि 'मोरसला गेला', तो परत आलाच नाही. आम्हा पोरांना वाटायचं, साखर कारखान्यात गेला असेल. मॉरिशसहून यायची म्हणून ती मोरस, हे मला पन्नाशीत कळलं. बाबांना सांगितलं, तर ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "माझा पासपोर्ट कधी संपतोय बघ."

मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला, धक्क्यालगत आप्रवासी घाट आहे, करारावर आणलेले मजूर उतरायचे ती जागा. पूर्वी त्याला कुली घाटच म्हणत. 2006 साली तो युनेस्कोच्या यादीत गेला, म्हणून मी काहीतरी भव्य डोळ्यासमोर धरून गेलो होतो. प्रत्यक्षात बुटक्या दगडी भिंती, स्वयंपाकघराच्या आणि संडासांच्या जागा, आणि समुद्राच्या बाजूच्या पायऱ्या. अगदी खेटून हायवे. बाबांनी सवयीप्रमाणे भिंतीवर बोटं वाजवली. "काळवत्री आहे. जांभा नाही." बांधकाम खात्यातला माणूस, दुसरं काय बोलणार! पण नंतर गाडीतून जाताना उसाच्या शेतात मध्येच काळ्या दगडांचे ढीग रचलेले दिसले, घराएवढे. शेत मोकळं करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. ते बघून बाबा म्हणाले, "आपल्या गडग्यांनाच एवढा दगड लागतो म्हणून मी रडत होतो."

तिथली गुलामगिरी 1835 ला बंद झाली आणि मळेवाल्यांना माणसं हवी होती. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. 1834 ते 1920 मध्ये जवळजवळ पाच लाख माणसं त्या बंदरात उतरली. बहुतेक बिहारकडची आणि मद्रासकडची, मुंबईहून निघालेले आपले त्या मानाने थोडे. एकतीस-बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाबांना त्या पाच रुपयांचं फार लागलं. दिवसभर तोच हिशेब चालला होता.

मोका नावाच्या गावी महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची जुनी दप्तरं आहेत. तिथल्या बाईंचा पहिला प्रश्न, "नंबर?" उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळायचा आणि पुढचा सगळा कारभार त्या नंबरावर. आमच्याकडे फक्त धोंडू. तरी बिचाऱ्या बाईंनी शोधलं. 1860 च्या आसपासचे तीन निघाले. एक डुंडू, एक दोन्डो, एक धोंडी, कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. जिल्हा 'रत्नाघेरी'. एकाचं वय 22 आणि चेहऱ्यावर देवीचे वण. मग बाईंनी विचारलं, "तुमच्या धोंडूच्या वडलांचं नाव काय?"

मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. ते नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही रे! धोंडूचा बाप म्हणजे आमचाही मूळपुरुषच की. परदेशात जाऊन मुळं शोधायला निघालो आणि घरचीच वही कोरी. तिथून निघालो तेव्हा माझी लेक म्हणाली, "म्हणजे हरवलेले आपण आहोत." मी तिला गप्प केलं. उत्तर नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेला कास्कावेलला गेलो. तिथे मराठी वस्ती आहे, देऊळ आहे. एक सत्तरीतले गृहस्थ घरी घेऊन गेले. नातवाशी क्रिओल, म्हणजे तिकडची बोली, आमच्याशी मराठी, तीही शाळेत शिकलेली, प्रत्येक अक्षर स्वच्छ. "आपण कोणत्या ग्रामातून आलात?" असं विचारल्यावर माझी मराठी मला एकदम गावंढळ वाटायला लागली. पण सणावाराच्या नाचाचं बोलताना ते 'झाकरी' म्हणाले आणि बाबा खुर्चीतून उठलेच. आपली जाखडी! गुडघे दुखतात म्हणून विमानतळावर व्हीलचेअर मागणारा माणूस त्यांच्या पडवीत दोन पावलं टाकून दाखवत होता. त्यांचं पाऊल आणि बाबांचं पाऊल जुळलं म्हणणार नाही, पण वळायची जागा तीच होती.

निघताना त्यांनी एक झेरॉक्स दिली. त्यांच्या पणजोबांची नोंद. आम्ही आमचा माणूस शोधत तिकडे गेलो, आणि ते कधीपासून इकडून कुणी यायची वाट बघतायत.

तर काम हे. नाव राघू, बापाचं नाव सोनू, वय 19, जिल्हा रत्नागिरी. गावाच्या रकान्यात 'कोंडी' एवढंच लागतं, पुढे शाई पसरलीय. तुझ्या संगमेश्वर तालुक्यात कोंडिवरे आहे, पण कारकुनाने कोंडगावचंही काय केलं असेल कोण जाणे, आणि नुसते कोंड, म्हणजे वाड्या, तर पावलोपावली. गणपतीत चाकरमानी आले, जुनी माणसं एका जागी बसली, की विचार. कुणाच्या घरातला राघू गेल्याचं ऐकिवात आहे का. मॉरिशस म्हणू नकोस, कुणाच्या लक्षात यायचं नाही. मोरसला गेला का, असं विचार.

झेरॉक्स सोबत जोडलीय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या