फेलोशिप दहा आठवड्यांची, पुढचं कोण बघणार?

मा. संपादक,
स. न.

छोट्या युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक उन्हाळ्यात मोठ्या युनिव्हर्सिटीत नाहीतर नॅशनल लॅबमध्ये जाऊन ऊर्जेवर संशोधन करतात, त्या समर फॅकल्टी फेलोशिपच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. किती जण निवडले, स्टायपेंड किती, आणि शेवटी ग्रुप फोटो. योजना चांगल्याच आहेत, त्या बंद करा असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. फक्त जवळजवळ सगळा पैसा त्या दहा आठवड्यांतच खर्च होतो, आणि दोन युनिव्हर्सिट्यांची खरी भागीदारी तर त्यानंतर सुरू व्हायची असते, नेमकं तेव्हा कोणाच्या हातात काही उरलेलं नसतं.

कल्पना तशी जुनी. अमेरिकेत नासाने १९६४ पासून इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांना उन्हाळ्यात आपल्या सेंटर्समध्ये बोलवायला सुरुवात केली. तिथल्या ऊर्जा खात्याचा व्हिजिटिंग फॅकल्टी प्रोग्रॅमही उन्हाळ्यात दहा आठवड्यांचा, मुद्दाम अशा कॉलेज-युनिव्हर्सिट्यांसाठी ज्यांना आजवर संशोधनात फारशी जागा मिळाली नाही, आणि प्राध्यापकाला सोबत दोन विद्यार्थीही नेता येतात (ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण पुढे काम टिकलं तर ते बहुतेक या पोरांमुळेच टिकतं). पण हे दहा आठवडे आले कुठून? तिकडे बऱ्याच प्राध्यापकांची नेमणूक नऊ महिन्यांची असते, उन्हाळा मोकळा आणि बिनपगारी, मग त्यात बसेल एवढा प्रोग्रॅम. म्हणजे मुदत ठरवली कॅलेंडरने, प्रयोगाला किती वेळ लागतो ते कोणी विचारलंच नाही.

आणि ऊर्जेच्या संशोधनात नेमकं इथेच घोडं अडतं. बॅटरीचंच बघा. नवीन मटेरियलचा सेल एक तासात चार्ज आणि एक तासात डिस्चार्ज करायचा धरला तर एका सायकलला दोन तास, सेल किती टिकतो ते बघायला हजार सायकल धरल्या तर दोन हजार तास, म्हणजे सलग ८३ दिवस मशीन चालू. दहा आठवडे म्हणजे ७० दिवस! पहिल्या दिवशी सकाळी सेल लावला तरी प्राध्यापक परत जायची वेळ होते तेव्हा टेस्ट अर्धवटच असते. सोलर पॅनेल उष्ण-दमट हवेत किती टिकतं ते बघायची जी नेहमीची डॅम्प हीट टेस्ट, ८५ डिग्री तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, ती १००० तासांची, म्हणजे फक्त त्यातच सहा आठवडे गेले, आणि सँपल बनवायला लागणारा वेळ तर अजून धरलेलाच नाही. शिवाय सुरुवातीचे दिवस सेफ्टी ट्रेनिंग, गेट पास, कॉम्प्युटर अकाउंट, ग्लोव्हबॉक्स (हवा लागू न देता आत हात घालून काम करायची बंद पेटी) वापरायची परवानगी यात जातात ते वेगळंच. मग काय होतं, लोक दहा आठवड्यांत उरकेल असाच प्रश्न निवडतात. पोस्टर होतं, प्रेझेंटेशन होतं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि सेमिस्टर सुरू झालं की ये रे माझ्या मागल्या, आठवड्याला ढीगभर लेक्चर्स, पेपर तपासणी, कमिट्या, आणि होस्टला (म्हणजे ज्याच्या लॅबमध्ये उन्हाळा काढला त्याला) पाठवायचे सँपल टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

यावर उपाय फार खर्चिक नाहीयेत. परतलेल्या प्राध्यापकाचा वर्षभर एक तरी कोर्स कमी करा, आणि त्याची भरपाई फेलोशिपच्या पैशातून त्याच्या युनिव्हर्सिटीला द्या, नाहीतर डिपार्टमेंट हेड कधीच सोडणार नाही आणि त्याचंही चूक म्हणता येत नाही. सँपल पाठवायला, मशीनच्या तासांना थोडा पैसा बाजूला ठेवा. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच होस्टकडे जायला प्राधान्य द्या, दरवर्षी नवे चेहरे घेतले की आकडा छान दिसतो पण ओळख काही मुरत नाही. भारतात टेअर नावाची योजना निघाली (कॉलेजातल्या प्राध्यापकाने आपली नोकरी सांभाळून मोठ्या संस्थेत संशोधन करायचं) ती मला म्हणून बरी वाटली, तीन वर्षांची मुदत आणि संशोधनाचा पैसा दोन्ही संस्थांना वाटून. मूळ संस्थेच्या हातात काहीतरी पडतं हे महत्त्वाचं.

मोठ्या मशीनसाठी तर दरवेळी होस्टवर अवलंबून राहायचीही गरज नसते. शिकागोजवळच्या आर्गोन लॅबमधला अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स, जिथे बॅटरीच्या आत काय चाललंय ते एक्स-रेने बघता येतं, तिथे निकाल जाहीर छापणार असाल तर बीमटाइमचे, म्हणजे ते एक्स-रे वापरायला मिळणाऱ्या वेळेचे, पैसे लागत नाहीत. फक्त प्रपोजल पास व्हावं लागतं. पण ते प्रपोजल लिहायचं कसं हे छोट्या डिपार्टमेंटमध्ये शिकवायला कोणी नसतं, आणि उन्हाळ्यात शिकून घ्यायची खरी गोष्ट हीच आहे, पेपर नंतर होतो. दहा आठवडे संपताना हातात पुढच्या बीमटाइमचं प्रपोजल तयार असलं पाहिजे, मी तर म्हणतो पोस्टर नसलं तरी चालेल.

अजून एक गोष्ट खटकते. प्रवास नेहमी एकाच दिशेने. छोट्याने मोठ्याकडे जायचं, होस्टने मात्र त्याचं कॉलेज कधी बघायचं नाही. अहो, छोट्या ठिकाणांकडेही देण्यासारखं असतं की! सिलिकॉनचं पॅनेल तापलं की प्रत्येक डिग्रीमागे त्याचं उत्पादन साधारण ०.३ ते ०.५ टक्क्यांनी घटतं, वर धूळ, दमट हवा, खारा वारा, आणि याचा वर्षानुवर्षांचा डेटा एसी लॅबमध्ये बसून मिळत नाही, वेगवेगळ्या हवामानातल्या छतांवर पॅनेल लावून तो कोणीतरी गोळा करावा लागतो. ते काम करणाऱ्या प्राध्यापकाचं नाव रिसर्च पेपरच्या लेखकांच्या यादीत शेवटून दुसरं का? आणि हुशारी फक्त बड्या नावांकडे असते असंही नाही, लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी स्टॅनली व्हिटिंगहॅम १९८८ पासून बिंगहॅम्टनच्या सरकारी युनिव्हर्सिटीत आहेत, हार्वर्ड-स्टॅनफर्डमध्ये नाही. होस्टने वर्षातून एक आठवडा तरी उलटा प्रवास करावा अशी अट फेलोशिपमध्येच घाला, मग बघा कोण किती उत्सुक आहे ते.

आता थोडं तुमच्या पेपरबद्दल, राग मानू नका. निवडीची बातमी तुम्ही छापता ते ठीकच आहे, पण दोन वर्षांनी त्याच लोकांना एक फोन करा ना. होस्टबरोबर मिळून नवीन ग्रँट मागितली का, त्यात मुख्य नाव कोणाचं होतं, सोबत नेलेले विद्यार्थी आता कुठे आहेत. एवढे तीन प्रश्न. उत्तरं आली तर छापा, आणि कोणी उत्तर दिलं नाही तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक