बाबा, पानांचा आवाज

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

शनिवार-रविवार मी जंगलात एकटी राहून आले. फोनवर एवढंच सांगितलं, तर आईचा पहिला प्रश्न, "एकटी का? कुणाशी बिनसलं का?" नाही गं, कुणाशी काही बिनसलेलं नाही. महिनाभर डोक्यात नुसता कलकलाट चालला होता, गप्प बसायला जागा हवी होती. कुठल्या वाटेनं जाणार, कधी परतणार हे मैत्रिणीला लिहून दिलं होतं आणि दोन्ही दिवस अंधाराच्या आत खोलीवर आले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

पानगळ ऐन भरात आहे. बर्च पिवळे, मेपल लाल, ओक तपकिरी. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, फक्त हिरव्याखाली झाकलेला. दिवस लहान व्हायला लागले की झाड पानातलं हरितद्रव्य मोडतं, नायट्रोजनसारखी कामाची द्रव्यं फांदीत ओढून घेतं आणि मग तो पिवळा दिसू लागतो. लाल मात्र याच दिवसांत नव्यानं तयार होतो. थोड्याच दिवसांत टाकून द्यायच्या पानात झाड एवढा रंग कशाला भरतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आई, एका मेपलखाली मी अर्धा तास नुसती वर बघत बसले होते. तुझी फार आठवण झाली. पान सुटण्याआधी झाड देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर तयार करतं, त्यामुळे गळाल्यावर तिथं उघडी जखम राहत नाही. हे तुला समोर बसून सांगायचं होतं.

पहिल्या संध्याकाळी मला काहीच ऐकू येईना. शहरातला गोंगाट कानात उरलेला असतो बहुतेक. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पडक्या ओंडक्यावर बसले आणि हळूहळू एकेक आवाज वेगळा व्हायला लागला. ओकचं फळ पाचोळ्यात पडलं की टप्प. एकटं पान फांद्यांना घासत खाली येतं तेव्हा अगदी पुसट खरखर. बीच जातीची लहान झाडं वाळलेली पानं हिवाळाभर सोडत नाहीत, वारा आला की ती कागदासारखी सळसळतात. आणि वर कुठेतरी गोल्डक्रेस्ट. पाच-सहा ग्रॅमचं पाखरू, दिसलं नाहीच, पण त्याचं बारीक 'सी-सी-सी' येत राहिलं. त्याचा आवाज इतका वरच्या पट्टीतला, सात-आठ हजार हर्ट्झचा, की वय वाढलं की पक्षी ओळखणाऱ्यांनाही सगळ्यांत आधी तोच ऐकू येईनासा होतो.

हे आठवलं आणि बाबा, मी तिथंच थांबले.

गेली दोन वर्षं मी फोन केला की तुम्ही दोन वाक्यं बोलता आणि "घे, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देता. घरात सगळे जमले की मध्येच उठून आतल्या खोलीत जाता. मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो. मनातल्या मनात रागही धरला होता मी. तो चुकीचा होता.

वय वाढतं तसे बहुतेकांचे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. आतल्या कानातल्या ज्या नाजूक केसपेशी ते टिपतात, त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. स, श, फ, ख ही व्यंजनं त्याच पट्टीत येतात. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही, आणि समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. तुम्ही मला हेच म्हणत होता, "नीट बोल, पुटपुटू नकोस." मी नुसती ओरडत राहिले. ओरडून व्यंजनं स्पष्ट होत नाहीत.

मी दोन दिवस एकटी राहिले ती माझ्या मर्जीनं, आणि रविवारी संध्याकाळी परतही आले. तुम्ही भरल्या घरात एकटे पडत चालला आहात, आणि ते तुम्ही मागितलेलं नाही. म्हणून फोन न करता हे लिहून पाठवतेय. लिहिलेलं तुम्हाला पूर्ण पोचतं.

पुढच्या महिन्यात मी येतेय तेव्हा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. तपासणीत काही दुखत नाही. एका बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. मी शेजारच्या खोलीत असेन. यंत्र लागलं तर सुरुवातीला भांड्यांचा, नळाचा आवाज नकोसा होईल, सवय व्हायला काही आठवडे जातात. तेवढे मी येऊन-जाऊन राहीन. आई, "वयोमानानं व्हायचंच" असं म्हणून तू त्यांना सोडून देऊ नकोस.

पाकिटात दोन पानं ठेवली आहेत. लाल मेपलचं आईला. तपकिरी बीचचं तुम्हाला, बाबा. खोलीत कुणी नसताना ते उजव्या कानापाशी धरा आणि बोटांत हलकेच चुरगाळा. मग उरलेलं डाव्या कानापाशी. कुठल्या बाजूला आवाज आला, ते मला लिहून कळवा.

तुमची,
लेक